फितीआड अडकलेली खुर्ची

मित्रांनो, मला चार चाके आहेत, दोन मोठी आणि दोन लहान. पण कोणी ढकलल्याशिवाय मी वीतभरही पुढे सरकू शकत नाही. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि कोणी येते का याची वाट बघण्यातच माझा निम्मा जन्म गेला आहे.

गाझियाबादच्या एका लहानशा कारखान्यात मी घडले. नळ्या वाकवल्या, सांधे जोडले, वर काळे रेक्झिन ताणून बसवले आणि मी तयार झाले. मला घ्यायला भालचंद्रकाका आले. काका नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके आणि हट्टाला पक्के. दिल्ली आणि आसपासच्या मराठी मंडळींचा 'सेतू' नावाचा एक सेवा क्लब होता, त्याचे ते त्या वर्षीचे अध्यक्ष होते. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, अरुणाकाकूंनी, मला हात लावून पाहिले आणि म्हणाल्या, "फार गार लागतंय हो हे. बसणाऱ्याला थंडी वाजेल." मग त्यांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून माझ्यासाठी गोधडीचे आसन शिवले. त्या आसनाचा मला कोण अभिमान होता!

काकांची कामाची रीत न्यारी होती. खुर्ची, कुबड्या, वॉकर असले सामान त्यांनी एका जागी कधी ठेवलेच नाही. ज्याच्या घरी ते शेवटचे वापरले गेले, त्याच्याच घरी ते राही. दुसऱ्या कोणाचा फोन आला की काका चार ठिकाणी विचारत, "तिकडे कोण चाललंय?" आणि जो त्या बाजूला निघाला असेल तो माझी घडी घालून मला सोबत नेई. "आधी खुर्ची पोचू दे, नाव-गाव मागून विचारू," हे त्यांचे पालुपद. अशी मी मेट्रोतून गुरुग्रामला गेले, कंपनीच्या बसमधून मानेसरला गेले. लातूरकडचा एक मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत आला होता, तो पाय मोडून बसला. त्याचे मित्र मला ढकलत त्याला क्लासला नेत आणि परतताना आळीपाळीने स्वतःच माझ्यावर बसून घेत. मला राग येत नसे. चाकांना माती लागली की मला जगल्यासारखे वाटे.

क्लबमध्ये दर वर्षी नवा अध्यक्ष येतो. प्रत्येक जण आपल्या नावाची पट्टी माझ्या पाठीवर चिकटवी, जुनीच्या वर नवी. शेवटी तो थर इतका जाड झाला की पाठ टेकणाऱ्याला टोचू लागला. सेवा करणाऱ्यांची नावे सेवा घेणाऱ्यांना टोचतात, हे मी माझ्याच पाठीवर शिकले.

यंदा सुधन्वा अध्यक्ष झाला. दिल्लीतच जन्मलेला, गुरुग्रामच्या मोठ्या ऑफिसात काम करणारा. पोरगा वाईट नव्हता हो! धावपळ करावी तर त्याने. त्याला वाटले, हे सामान घरोघर विखुरलेले बरे दिसत नाही. त्याने सगळे गोळा करून गुरुग्रामच्या एका हॉलमध्ये मांडले. मला निळा रंग दिला, जुन्या पट्ट्या खरवडल्या आणि गोधडीचे आसन काढून टाकले, कारण ते फोटोत जुनाट दिसले असते. हॉलच्या दाराला लाल फीत बांधली. ती फीत आमच्या प्रांतपालांनी कापायची होती. प्रांतपाल म्हणजे अशा सगळ्या क्लबांचे प्रांतातले प्रमुख. तोवर आतली एकही वस्तू हलवायची नाही असे ठरले, नाहीतर फळ्या रिकाम्या दिसतील.

आणि नेमक्या त्याच दिवसांत अरुणाकाकू न्हाणीघरात घसरून पडल्या.

खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसवा, रोज उन्हात न्या. दिल्लीच्या थंडीत ऊन हेच औषध. काकूंच्या मनात मात्र दुसरेच होते. सोसायटीच्या हिरवळीवर संक्रांतीचे हळदीकुंकू त्यांनीच सुरू केलेले. मानेसरच्या खोल्यांतून एकट्या राहणाऱ्या मुली, नव्याने लग्न होऊन इकडे आलेल्या सुना, सगळ्या त्या दिवशी तिथे एकमेकींना भेटत. "मला फक्त तेवढं एकदा खाली न्या," त्या म्हणाल्या. "उन्हात बसून तिळगूळ माझ्या हातानं वाटला की झालं."

काकांनी सुधन्वाला फोन केला. सुधन्वा तेव्हा हॉलमध्येच होता, त्याचा फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच उभी होते.

"काका, बिल्कुल! आपलीच खुर्ची आहे ना," सुधन्वा म्हणाला. "फक्त उद्घाटन होऊ द्या. परवा प्रांतपाल येतायत. पहिली खुर्ची काकूंनाच, स्टेजवर. आत्ता काढली तर ती या वर्षीच्या कामात धरली जाणार नाही, यार."

"बरं," काका म्हणाले. "परवा."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचे होते. काका, तुमचे पालुपद कुठे गेले? पण खुर्चीला तोंड नसते.

परवाच्या दिवशी धुके पडले. विमान उतरले नाही, प्रांतपाल आले नाहीत. नवी तारीख ठरली, त्या दिवशीही धुके. सुधन्वा दर वेळी मनापासून सांगे, "संक्रांतीच्या आधी नक्की, काका." काकूंची मुलगी क्षिप्रा आईसाठी नोकरीतून रजा काढून आली होती. तिने वडिलांना किती समजावले हे मला मागाहून कळले. "बाबा, मी ऑनलाइन मागवते ना. कल आ जाएगी!" काकांनी हात झटकला. "इतक्या घरी मी खुर्ची पोचवली. आता माझ्या घरी दुकानातून आणू? क्लबनं शब्द दिलाय." शब्दावर त्यांचा देवासारखा विश्वास. आणि मी तिकडे कुलपात, नव्या रंगात चमकत, सणाच्या नव्या नवरीसारखी नटून निरुपयोगी बसलेली.

संक्रांत आली, मी आले नाही.

त्या दिवशी लख्ख ऊन पडले म्हणे. काकूंनी काळी साडी नेसून घेतली. काकांनी आणि पहारेकऱ्याने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत उचलून लिफ्टपर्यंत आणले. दारातच काकूंच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की पहारेकरी घाबरला. "आंटीजी को दर्द हो रहा है साहब, रहने दो." त्यांना परत नेऊन आडवे केले.

मग खालच्या बायका वर आल्या. चांगल्या बायका त्या, तिळगूळ घेऊन आल्या, वाण घेऊन आल्या. त्यांच्यात मयुरा नावाची एक नवी सून होती. तिला काकूंनीच इथे घर शोधून दिले होते. ती पाया पडायला वाकली, तेवढ्यात मागून कोणीतरी पटकन म्हणाले, "अगं थांब! झोपलेल्या माणसाच्या पाया पडू नये." आपल्यात तसे मानतात, आडव्या माणसाला नमस्कार करतात तो मेल्यावरच, म्हणून. मयुराने हात मागे घेतला. बोलणारीने जीभ चावली. पण काकूंनी ऐकले होते.

त्या हसल्या, सगळ्यांना "गोड बोला" म्हणाल्या. बायका गेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केले.

पुढच्या आठवड्यात धुके निवळले आणि प्रांतपाल आले. फीत कापली गेली. स्टेजला पायऱ्या होत्या, उतार कोणाला सुचलाच नव्हता. म्हणून चौघांनी मला उचलून वर नेले. काकूंच्या वतीने काका आले होते. त्यांना शाल दिली, मला त्यांच्यापुढे उभे केले, टाळ्या झाल्या. काकांनी माझ्या मुठीवर हात ठेवला.

"आता नेऊ का?" त्यांनी हळूच विचारले.

"एक मिनिट हं काका," सुधन्वा म्हणाला, "ग्रुप फोटो बाकी आहे."

वरातीमागून घोडे म्हणतात ते असे, मित्रांनो. मी घरी पोचले. क्षिप्राने मला पलंगाशी नेले. "आई, बघ, आली! चल, खाली ऊन आहे."

काकूंनी मान वळवून मला पाहिले. "छान रंगवलीय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारले, "माझं आसन काढलं का गं हिचं?" आणि मग, "ठेव तिकडे. मला नाही जायचं."

त्या दिवसापासून मी खिडकीजवळ उभी आहे. रोज सकाळी काका मला फडक्याने पुसतात, पलंगाशी आणतात, विचारतात, "येतेस?" काकू नको म्हणतात. मग ते मला परत जागेवर ठेवतात. दुपारपर्यंत माझ्यावर घड्या घातलेल्या रजया येतात. मध्यंतरी सुधन्वा स्टेजवरचा फोटो चौकटीत घालून घेऊन आला होता. त्या रजया पाहून तो दारातच थांबला. "काकू, मी नेतो ना खाली. चलो ना." काकू प्रेमाने म्हणाल्या, "असू दे रे. तुम्हाला कामं असतात." त्याच्या हातातली चौकट त्याने कोणाला दाखवली नाही.

खाली हिरवळीवर ऊन पडते, मला ते खिडकीतून दिसते. लिफ्ट चालू आहे. माझी चाके आजही सुरेख फिरतात. फक्त ज्या दिवशी मी हवी होते तो दिवस निघून गेला, आणि तो माझ्या चाकांनी मागे आणता येत नाही.

म्हणून एवढेच मागणे आहे. मला रंग देऊ नका, हार घालू नका, माझ्या पाठीवर नाव लावू नका. कोणी हाक मारली की मला उचला आणि निघा. मला नुसती चाके आहेत, मित्रांनो. पाय तुम्हाला आहेत.