उलट्या बाजूची पाखरं

सर्वांत खाली: कागद

जाड कागद. त्यावर शिवणाचे जुने खाके चिकटवले, तपकिरी कागदाचे, ज्यांच्या मापाने कापड कापतात ते. अर्धी बाही, एक कॉलर, एक खिसा. वरून पांढरा रंग, कोरड्या ब्रशने, इतकाच की खालच्या पेन्सिलीच्या रेघा दिसाव्यात पण शर्ट आठवू नये. कोपऱ्यात दोऱ्याचा गुंता होता तसाच दाबला. गुंता सोडवण्यापेक्षा चिकटवणं सोपं.

एवढं मला येतं. मी घरी अभ्रे शिवते. कापड, कात्री, डिंक, इस्त्री यांत माझा हात कोणी धरणार नाही.

पाखरं मात्र ताईची. पानही तिचंच.

बाजूला: पान कशाला

मी शिवलेल्या अभ्र्यांवर ताई पाखरं रंगवते, कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर. तिथली रीत अशी: हंगाम सुरू होताना प्रत्येक रंगवणारीने एक पान करून द्यायचं. कागद, कापड, दोरा, रंग, काय हवं ते लावा. सगळ्यांची पानं टाचून वही होते आणि मालकीणबाई तिच्यातूनच वर्षभराची नक्षी निवडतात. जिचं पान नाही तिला रंगाच्या टेबलावर जागा नाही. तिने पॅकिंगला बसायचं आणि दुसऱ्यांची पाखरं पिशवीत भरायची.

ताई स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं, जुळलं, प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हात बरा आहे, वापरा.

"त्यांचं काय जातंय म्हणायला," ताई म्हणाली, आणि हात पदराखाली गेला तो गेलाच.

पान आज संध्याकाळी पोचायला हवं होतं.

"मी पॅकिंगला बसते," ती म्हणाली. "तू जाऊन सांग."

"पिशव्या भरताना गप्प बसवेल तुला?"

"जिभेला प्लास्टर नव्हतं घातलं."

"मी सुचवून पाहिलं होतं," भावोजी म्हणाले. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसले होते. भिंग लावलं की आपण कोणाला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

त्यावर: कापड

मलमलीचा तुकडा. पातळ, धुऊन मऊ झालेला. कडा शिवल्या नाहीत, सुतं लोंबू दिली.

"काढ," मी तुकडा तिच्यापुढे ठेवला. "डाव्या हाताने काढ. पायाने काढ. पण काढ."

तिने डाव्या हाताने काढली. ब्रश मुठीत धरून, लाटणं धरावं तसा. रंगात पाणी जास्त, दाब जास्त. एक पाखरू भोपळ्यासारखं झालं, एकाची चोच चमच्याएवढी. पण पाखरं होती. ओळीने बसलेली, पोटं पुढे काढून. मला आवडली.

ताईने ब्रश ठेवला. "उजवीकडे बघतायत."

"मग बघू देत."

"माझी पाखरं डावीकडे बघतात. कारखान्यात कोणीही सांगेल, डावीकडे बघणारं पाखरू म्हणजे माझं." ती उठली. "डाव्या हाताला तोंड उलटंच सुचतं. ही काहीतरी विसरून परत निघाल्यासारखी दिसतायत."

"मी पानावर लावते. लावल्यावर बघ."

"लाव. पॅकिंगच्या पिशवीलाही लाव."

मध्ये: डिंक

इथे चूक आहे. माझी.

कापडावरचा रंग पक्का करायचा तर इस्त्री उलट्या बाजूने फिरवतात. रंग खाली, पाठ वर. आमच्यात हे सांगावं लागत नाही, हातच तसा पडतो. मी पानाला डिंक लावला, पातळ, कोपऱ्यापर्यंत. मलमल उचलली, सुताच्या दिशेने ताणली, पानावर अंथरली. इस्त्री तापलेली होती. एकदा फिरवली. छान बसली म्हणून पुन्हा फिरवली.

आणि मग पाहिलं तर पाखरं खाली होती. रंग डिंकात, तोंडं कागदात. वर कापडाची पाठ.

टोक उचलून पाहिलं. माझी इस्त्री पक्की असते. सूत तुटलं, कापड हललं नाही.

भावोजींनी भिंगासकट मान वळवली. चिमटा घेऊन आले, कोपरा टोचून पाहिला, चिमटा खिशात ठेवला. "घड्याळ असतं तर उघडलं असतं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "मुद्दाम केलंस का गं?"

"एवढी अक्कल असती तर मी अभ्रे शिवले असते का?"

"काय झालं?" आतून ताई.

उलट बाजू

ती आली. वाकून बघत राहिली.

मलमल पातळ आणि रंग पाणीदार, त्यामुळे पाखरं पाठीतून पाझरून आली होती. फिकी. भोपळ्याचं पोट धुक्यात विरलं होतं. चमच्याची चोच नुसता ठिपका झाली होती. खालची अर्धी बाही त्यांच्यातून जात होती, फांदीसारखी. आणि मागून बघितल्यामुळे सगळ्यांची तोंडं डावीकडे.

"अगं, उलटं लावलंस," ताई म्हणाली.

"लावलं."

"शिवणकाम करणारी बाई तू. सुलट बाजू कळत नाही?"

"इस्त्रीची सवय."

"सवय. सगळी लांब गेली ना पाखरं. आता पुढे कोण बसणार? ही बाहीची फांदी मोकळीच राहिली. बघ, इथे. आणि इथे." ती बोटाने पान ठोकत होती. उजव्या हाताच्या बोटाने. "रिकामी फांदी देतात का कोणी नमुन्याला? सरक."

मी सरकले. भावोजी बोलणार होते, त्यांच्या पायावर मी पाय दिला.

सर्वांत वर: रंग

तिने ब्रश तीन बोटांत धरला. विटकरी रंग घेतला, कडेला निथळला. फांदीवर एक ठिपका, डोकं. एक फराटा, पाठ. शेपटीला मनगट थरथरलं आणि शेपूट दुभंगली.

ती थांबली. हाताकडे बघितलं, जणू दुसऱ्याचा हात घरात शिरलाय. मला वाटलं, आता तो पदराखाली जाईल.

"शेपूट फाटली," ती म्हणाली.

"वारा असेल," भावोजी म्हणाले.

"गप्प बसा." आणि तिने दुसऱ्या पाखराची शेपूटही दुभंगवली, मुद्दाम. मग तिसऱ्याची. लांबची सगळी फिकी, जवळची विटकरी, वाऱ्याने शेपट्या फुटलेली, आणि एकूण एक डावीकडे बघणारी. शेवटच्या पाखराला तिने कोपऱ्यातला गुंता दिला, घरट्यासाठी. मी त्या गुंत्याला वरून दोन टाके घातले. तेवढा माझा हात त्या पानावर सुलट बाजूने आहे.

"ओलं आहे अजून," मी म्हटलं.

"चालता चालता वाळेल." पान दोन्ही तळव्यांवर आडवं धरून ती निघाली. दार भावोजींनी उघडलं.

नंतर

संध्याकाळी परतली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. खिडकीजवळचं टेबल तिचंच राहिलं. मालकीणबाईंनी पान उजेडात धरलं, मागच्या फिक्या पाखरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही कशी काढलीस? सगळ्या अभ्र्यांवर अशीच हवीत.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, बहिणीला विचारून सांगते." तिने हात धुतले, बोटं एकेक करून चोळली. मनगट दुखत असावं, पण तिने तसं म्हटलं नाही. "आता शिकव. उलटं कसं लावायचं ते."

मी इस्त्री तापत ठेवली.