कांडीशेजारची अंगठी

मी इंधनाची कांडी बोलतेय. जवळ येऊ नका हं, आधीच सांगते. हौदाच्या काठावरच उभे राहा, म्हणजे तुम्हीही सुखी आणि मीही.

धातूच्या नळीत युरेनियमच्या गोळ्या भरल्या, तोंडं बंद केली, झाला माझा जन्म. तेव्हा कामगार मला हातमोजे घालून खुशाल उचलायचे. मग अणुभट्टीत गेले. एक न्यूट्रॉन युरेनियमच्या अणुकेंद्रावर आदळला, केंद्र दुभंगलं, उष्णता निघाली आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटले. त्यांनी पुढची केंद्रं फोडली. एका घरातलं भांडण सगळ्या आळीत पसरावं, तसं! जादाचे न्यूट्रॉन नियंत्रक दांडे गिळायचे, म्हणून आवाक्यात राहिलं. उष्णतेने पाण्याची वाफ झाली, वाफेने चाकं फिरली, घराघरांत दिवे लागले. माझं नाव कोणी काढलं नाही, ते सोडा.

आता माझं काम संपलं. फुटलेल्या केंद्रांच्या तुकड्यांची धग मात्र आत आहे, म्हणून या खोल हौदात ठेवलंय. पाणी धग शोषतं, किरणं अडवतं. शेजारच्या कांड्याही माझ्यासारख्याच, कोणी कोणाची विचारपूस करायची? एकटेपणा काय असतो ते मला विचारा.

यायचा तो फक्त पाणक्या. हौदाचं पाणी राखायचा, म्हणून हे नाव. काठावर येण्याआधी खिसे रिकामे करायचे, चष्म्याला दोरी बांधायची, अंगठीवर चिकटपट्टी लावायची, असा इथला नियम. बायको गेल्यावर तो पहिल्यांदा कामावर आला, त्या दिवशी चिकटपट्टी राहिली. माणूस वाळला होता. तिने त्याला घातलेली अंगठी बोटातून सुटली ती थेट माझ्या शेजारी.

मग रोज कठड्याला टेकून बोलायचा, माझ्याशी की अंगठीशी, देव जाणे. एकदा म्हणाला, सूर्यात उलटं चालतं. तिथे प्रचंड उष्णतेत आणि दाबात हायड्रोजनची हलकी केंद्रं जुळून हेलियम होतं, आणि त्यातूनही ऊर्जाच निघते. जुळूनही ऊब देता येते, आणि मी मेली जन्मभर फोडतच राहिले!

काल त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस. लांब दांड्याच्या चिमट्याने त्याने अंगठी वर काढली, पुसली, किरणं मोजणाऱ्या यंत्राजवळ धरली. यंत्र कडकडू लागलं. हौदातला किरणोत्सारी गाळ तिला चिकटला होता. पुन्हा पुसली, तरी कडकड थांबेना. आसपास कोणी नव्हतं. खिशात टाकली असती तर मी काय करणार होते?

"ही घालून नातीचा हात कसा धरू?" असं म्हणून त्याने चिमट्याने ती हलकेच परत माझ्याशेजारी सोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"सांभाळ गं हिला. माझं आता येणं होणार नाही."

नव्या माणसांनो, हौद साफ कराल तेव्हा ही अंगठी उपसू नका. माझ्याजवळ कोणी ठेवून गेलेलं तेवढंच आहे.