मुलाण्याबिगर गाव

फकीर मुलाणी अन् त्याची खतीजाबी आमच्या गोठ्यात लपून राहिलेत, हे साऱ्या गावाला ठावं होतं. गावात काय लपतं कुनाचं? शेजारणीनं कढीला फोडणी दिली तरी आमाला कळतं. तरीबी जो तो आमच्या दारावरून खाली मान घालून जाई, अन् आमी नवराबायको काही झालंच न्हाई असं वागत होतो.

पुलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्या सालची गोष्ट. त्याच्या अगुदर उन्हाळ्यात रजाकार आले होते. त्यांनी तातेराव पाटलाचा धाकटा भाऊ मारला, कडब्याच्या गंजी जाळल्या, अन् जाताना फकीरच्या पाठीला बंदूक लावून त्याच्याकडून बोकडं कापून घेतली. फकीरनं कापली. काय करील बिचारा? बकरं कापायचं काम बापजाद्यापासून मुलाण्याचंच. पन राज्य फिरलं तशी गावातली पोरं म्हणू लागली, यानंच रजाकारांला जेवू घातलं, याला ठेवायचं न्हाई. फकीरचं घर पेटवलं त्यांनी. त्याच दिवशी आमच्या मालकांनी त्या दोघांला गोठ्यात आणलं. मला इचारलंबी न्हाई, अन् मीबी काही बोलले न्हाई. माझं लेकरू खतीजाबीच्या मांडीवर वाढलेलं.

मग कळमनुरीहून दत्तोपंत आले. वकील मानूस, सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात राहून निजामाशी लढलेले, मनाचे लई चांगले. त्यांला वाटलं, गाव काही फकीरला काढणार न्हाई, एकदा सगळ्यांसमोर इचारून घ्यावं म्हणजे पोरांची तोंडं बंद होतील. भर दुपारी पाराजवळ मानसं जमवली अन् म्हणले, "आता लोकांचं राज्य आलं. पाटील म्हणेल ते नाही, सगळे म्हणतील ते होईल. फकीरनं गाव सोडावं असं ज्याला वाटतं, त्यानं हात वर करावा."

अरं बाबा, मानसानं आपल्या गावात राहावं का न्हाई, ही काय हात वर करून ठरवायची गोष्ट हाय? पन बायांला कोन इचारतं. आमी बाया आमच्या ओट्यावरून पाहून राहिलो होतो.

कुनाचाच हात हलंना. सगळे पाटलाकडं पाहून राहिले. जलमभर तेच केलेलं, पाटलानं मान हलवली की आपली हलवायची. पाटील खाली बघत बसलेला. मागं पोरं काठ्या घेऊन उभी. भाऊ गेल्यानं त्याचाबी जीव जळत असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. त्यानं हात वर केला. मग काय, धडाधड सगळे हात वर. त्यात आमच्या मालकांचाबी.

दत्तोपंतांचं तोंड उतरलं. "बहुमत झालं," म्हणले, "आता मलाही मोडता येत नाही." कशाचं बहुमत? मत एकच होतं, बाकी नुस्ते हात.

घरी आल्या आल्या मी मालकांला धरलं. "तुमचा हात काहून वर गेला?"

"पाटलाचा गेला."

"ते दोघं काय पाटलाच्या गोठ्यात राहून राहिलेत?"

"हळू बोल. मी एकटा हात खाली ठिवून बसलो असतो, तर पोरं इथंच आली असती." मालक भिंतीला टेकले. "कालपरवापर्यंत रजाकाराला भ्यायचं, आता आपल्याच पोरांला भ्यायचं. थकलो मी."

मला राग आला होता, पन मीबी थकले होते. भाकरी थापल्या अन् गोठ्यात नेऊन दिल्या. फकीर मुकाट्यानं जेवला. मालक त्याच्यासमोर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः दारात. वर बघंना. गोठ्याकडं तोंड करून म्हणला, "फकीर, उद्या दसरा हाय. देवीचं बकरं तेवढं कापून जा."

मी पदर घेऊन दारात गेले. "पाटील, काही वाटतं का तुमाला?"

"काय करू बाई? मुलाण्यानं कापल्याबिगर गाव खात न्हाई."

"मग मुलाण्याबिगर गाव काहून करून राहिलात?"

फकीरच बाहेर आला. "वैनी, राहू द्या," म्हणला. "कापतो. बंदुकीपुढं कापलं, हे तर देवीचं हाय."

दसऱ्याला त्यानं सुरी धुतली, बिस्मिल्ला म्हणला, कापलं. मुलाण्याचा वाटा पाटलानं पळसाच्या पानावर काढून ठेवला. फकीरनं तिकडं पाह्यलंबी न्हाई. खतीजाबी गाडीत बसून होती. मी रडले, ती रडली न्हाई. "तुजं लेकरू नीट सांभाळ," एवढंच म्हणली. मालकांनी गाडी हाकली कनेरगाव नाक्याकडं. तिथून ते दोघं वाशीमला जाणार होते, खतीजाबीच्या भावाकडं.

दिवस मावळताना मालक परत आले. घरोघर रस्सा शिजून राहिला होता. मी ताट वाढलं. बसले, पन घास घेईनात.

"काय म्हणला फकीर जाताना?"

मालकांनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच ताटात ठेवला. मग म्हणले, "गोठ्याच्या कुडाच्या फटीतून पाराजवळचं सगळं दिसतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मी वाढती पळी तशीच खाली ठेवली.

"म्हणला, 'सोनाजी, तुजा हात पाह्यला मी. बराबर केलंस. न्हाई तर तुजंबी घर जाळलं असतं.' पाठीवरून हात फिरवला माझ्या." मालकांनी ताट सरकवलं. "शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या गं."