सुलक्षणाचा पी.पी. नंबर

मुलाखत झाली की साहेबलोक “कळवू” म्हणतात आणि गप्प बसतात. कळवतायत डोंबल! घाटकोपरच्या औषध कंपनीने सुलक्षणाला असंच सांगितलं, त्याला आज एकवीस दिवस झाले होते. टायपिंग झकास झालं होतं, साहेबही हसून बोलला होता. पण महिनाअखेरपर्यंत नोकरी लागली नाही तर आत्याचं दुकान सांभाळायला कणकवलीला जायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. आणि महिना संपायला उरले होते दोन दिवस.

अर्जात तिने पी.पी. नंबर दिला होता, म्हणजे खालच्या आयरीन आंटीचा. मरोळच्या त्या अख्ख्या गल्लीत फोन तेवढा एकच. आंटी निरोप न चुकता द्यायची, पण आधी फोन करणाऱ्याची पुरती झडती घ्यायची.

त्या दिवशी सुलक्षणा नळावरून हंडा घेऊन येत होती, तर आंटीने दारातच अडवलं.

“काय गो, तुझ्या कंपनीचा फोन आलेला. सोमवारपासून ये म्हणे.”

“अय्या! मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, विचार करून कळवू.”

“आंटी!”

“मग काय लगेच उडी मारायची? तीन पोरींची लग्नं जमवली मी. पहिल्या फोनला हो म्हटलं की किंमत राहत नाय. त्यालाच विचारलं, कँटीन हाय काय, बायकांचा संडास वेगळा हाय काय, साहेब ओरडतो काय. घाबरला बिचारा.”

वाट लागली! सुलक्षणाने हंडा तिथेच टेकवला, चपलांसकट आत घुसली आणि पाठ झालेला नंबर फिरवला. तेवढ्यात साहेबाने दुसरी कुणी घेतली असली म्हणजे? तिला रडूच यायला लागलं.

पहिल्याच घंटीला साहेबाने फोन उचलला. तिने नाव सांगितलं.

“काय ठरलं तुमचं?” आवाज अगदी पडलेला.

“येते ना, सर! सोमवारी येते!”

“हुश्श!” साहेब म्हणाला. मग जरा दबकतच, “त्या बाईंनी अर्धा तास माझी मुलाखत घेतली हो. मी पास झालो का, तेवढं विचारता?”

सुलक्षणाने रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं. आंटी बोंबील साफ करायला बसली होती. तिने मानही वर केली नाही.

“काठावर,” ती म्हणाली.