जस्ता-चांदीची कडी

विनिफ्रेड गिलहूलीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १८७९ साली, मिसूरी नदीत पुलाचा दुसरा खांब उतरवायला घेतला. तिचा नवरा फिंटन कॅसिडी आणि थोरला भाऊ मॅलकी, दोघंही एकाच पेटीत कामाला. लाकडाची प्रचंड बिनबुडाची पेटी, नदीत पालथी घातलेली. वरून यंत्रानं हवा कोंबत राहायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. माणसांनी आत शिरून तळाची वाळू उपसायची, आणि डोक्यावर चढत जाणाऱ्या दगडकामाच्या भारानं पेटी खाली खाली खचत जायची.

त्या कोंदलेल्या हवेत सगळंच उफराटं. मेणबत्ती फुंकली तरी परत पेटायची. शीळ तर कुणालाच घालता यायची नाही. फिंटनला शिळेचा भारी नाद. वर पाऊल टाकलं की पहिली शीळ त्याची, आणि मॅलकीला ती मागून जिन्यातच ऐकू यायची.

खांब खोल गेला तशी माणसं वाकायला लागली. वर येऊन घटकाभर होते न होते तोच गुडघे धरायचे, कंबर धरायची. या दुखण्याला सगळे ‘बाक’ म्हणत. त्यावर एकच उतारा मानलेला: मनगटात आणि घोट्यात जस्ता-चांदीची कडी. मॅलकीची कडी त्याच्या बायकोनं मरायच्या आधी करवून घेतलेली, माहेरचे चांदीचे चमचे लोहाराला देऊन.

एका शनिवारी सकाळी बटाटे सोलता सोलता विनिफ्रेड म्हणाली, “दादा, ह्यांचे हात बघ, मोकळेच. मी ही अशी, पोटुशी. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही माझा.”

मॅलकीनं चारी कडी काढली आणि फिंटनपुढं ठेवली. “घाला, दाजी.”

“आणि तुम्ही, दादा?”

“मला कोण रडायला बसलंय! घाला म्हणतो ना.”

संध्याकाळी काम सुटलं. चर्चच्या मांडवात नाच होता, सगळ्यांना घाई. पेटीतून वर यायला मध्ये एक लोखंडी खोली होती. तिच्यात बसून तोटी सोडायची, हवा बाहेर गेली की मगच वरचं दार उघडे. तोटी थोडी थोडी सोडा, असा मुकादमाचा हुकूम होता. पण हवा सुटू लागली की खोलीत धुकं आणि गारठा दाटायचा; थंडीनं दात वाजत असताना हुकूम कोण ऐकतो?

“या दादा, होईल जागा,” फिंटन म्हणाला.

मॅलकीनं आपल्या उघड्या मनगटांकडं पाहिलं. “तुम्ही व्हा पुढं. मी मागून एकटा येतो, सावकाश.”

“म्हातारी झाली रे, म्हातारी!” खोलीतला एकजण ओरडला. “विणकाम घेऊन बस, आजीबाई!”

फिंटन हसला. हात वर करून त्यानं कडी वाजवली. “मला काय होतंय आता!” आणि तोटी पार शेवटपर्यंत फिरवली. दार लागलं. लोखंडाआडून हवेचा फूत्कार मॅलकीनं ऐकला. इतका मोठा त्यानं कधी ऐकला नव्हता.

मग त्याची पाळी. बोटभर बोटभर तोटी सोडत, धुक्यात कुडकुडत तो बसला. दार उघडलं, तो जिना चढू लागला. वर शीळ नव्हती.

छपरीत फिंटन कॉफीचा पेला धरून बाकावर बसला होता. त्याच्यासोबत आलेले दोघं गुडघे चोळत कण्हत होते.

“दादा,” फिंटन म्हणाला, “माझे पाय कुठंयत हो?”

कडी उलटी घातली असतील, असं वस्तीनं ठरवलं. विनिफ्रेडनं ती नवऱ्याच्या अंगावरून उतरवली आणि स्वतःच्या हातानं भावाच्या मनगटात चढवली. “तू तरी राहा,” ती म्हणाली.

मॅलकीनं हात पुढं केला. कडी नसती तर दाजीही आपल्यासारखेच भ्याले असते, हे त्याच्या घशाशी आलं आणि तिथंच राहिलं. खांब तळाच्या खडकाला टेकेपर्यंत त्यानं कडी घातली. तोटी मात्र कायम सावकाश सोडली, आणि सोबत असलेल्या कुणालाही तिला हात लावू दिला नाही.

फिंटन कॅसिडी वारला तो ९ नोव्हेंबर १८७९ रोजी, रविवारी पहाटे. मॅलकी गिलहूली वारला १९०३ च्या मार्चमध्ये, अंथरुणात.