बिनभाकरीचं गाव

"सकाळी आठला मुंबईहून सुटतं आणि साडेनऊला कुवेत," चंदर आईला म्हणाला, आणि शेजारी जेवत असलेल्या त्याच्या बापाच्या, पुंजारामच्या घशात घास अडकला.

आठ दिवस लताबाईने घर डोक्यावर घेतलं होतं. एकुलत्या एका पोराला वेल्डिंगच्या कामासाठी समुद्रापलीकडे धाडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? आता मात्र भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

"म्हंजे दीड तास?"

"मग काय तर."

लताबाईचं अंतराचं माप भाकरीचं. मैल आणि किलोमीटर तिने कधी मानलेच नाहीत. माहेरचं चांदवड एका भाकरीवर, नणंदेचं जळगाव दोन भाकरींवर. जिथं पोचेस्तोवर वाटेत फडकं सोडावं लागत नाही ते बिनभाकरीचं गाव, आणि तिथं गेलेल्या माणसाची काळजी करायची नसते, हा तिचा कायदा.

"हे तर बिनभाकरीचं निघालं की. चांदवडपेक्षा जवळ," ती म्हणाली. "जाऊ द्या मग पोराला."

पुंजाराम ओझरच्या विमान कारखान्यात पत्रे ठोकता ठोकता केस पिकलेला माणूस. विमानात तो कधी बसला नव्हता, पण तिकडची घड्याळं आपल्या अडीच तास मागं चालतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दीडात अडीच मिळवले की झाले चार तास. खाली पावणेतीन हजार किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं पाणी. त्याने पोराकडे पाहिलं, तर ते ताटात मान खुपसून बसलेलं. लबाड कुठलं. पण नोकरी चांगली होती, आणि आठ दिवसांनी बायको हसली होती. पुंजारामने घास पाण्याबरोबर खाली ढकलला.

मग काय, लताबाई वस्तीभर सांगत सुटली, "कुवेत ना? जवळच हाय." ते ऐकलं की पुंजारामला चोरी केल्यासारखं व्हायचं. एकदा त्याने आडून सुचवून पाहिलं, "येताना म्हणे दहाला सुटून दुपारी चारला पोचतं."

"येताना सामान लय असतं ना," लताबाई म्हणाली. पुंजारामने हात टेकले.

जायच्या दिवशी मुंबईच्या एस.टी.त चंदर चढला, तेव्हा लताबाईने खिडकीतून एक फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. चांगलं जड होतं.

"आई, विमानात जेवण देतात."

"असू दे. लसणाची चटणी बी हाय. जय भीम कर बाबांना."

गाडी वळणाआड गेली. पुंजारामने विचारलं, "किती बांधल्यास?"

"चार."

"बिनभाकरीचं गाव ना ते?"

लताबाई पदराने तोंड पुसत चालू लागली. "शेजारच्या धोंडाबाईचा जावई मस्कतला हाय. घड्याळाचं तिनं मला कधीच सांगितलंय."

"मग मला बोलली नाहीस ती?"

"त्या दिवशी तुमचा घास अडकला, बघितला मी. म्हटलं, ह्यांना बी जड जातंय. मी जवळ जवळ म्हणत राहिले, तर निदान झोप तरी लागंल तुम्हाला."

पुंजारामला एकदम भरून आलं. एवढी वर्षं संसार केला, आणि ही बाई आपल्याला पुरती कळलीच नाही असं त्याला वाटलं. घरापर्यंत तो तिच्या बरोबरीने चालला. एरवी तो नेहमी चार पावलं पुढे असायचा.

संध्याकाळी लताबाईने परातीत पीठ घेतलं. त्यातलं दोन मुठी पीठ तिने परत डब्यात टाकलं.

पुंजाराम तिच्याशेजारी येऊन बसला. "कुवेत काय, जवळच हाय," तो म्हणाला.

"तर," लताबाई म्हणाली, आणि तिने पिठात पाणी घातलं.