चाकाच्या कमानीवरची खाच

"चाल गं सखे, कडेकडेनं, वळणावरती सावकाश,
टोकाला टोक भेटू नये, राहू दे थोडा अवकाश."

मित्रांनो, हा आवाज ऐकला त्याला आता दोन वर्षं झाली. पण डोळा लागतोसा वाटला की माझ्या कानाशी अजून तोच गुणगुणतो. मी एक जुनी, वाकड्या पात्यांची कात्री आहे. लांबीला तुमच्या वितीएवढीही नाही, पाती मात्र चंद्रकोरीसारखी वळलेली. माझी गोष्ट विश्वासघाताची आहे. ज्यांनी घात केला त्यांच्यावर माझा अजून जीव आहे, म्हणून ती सांगताना जड जातं.

कारखान्यात माझ्या शेजारच्या फळीवर सरळ पात्यांच्या कात्र्या होत्या, उंच, ताठ मानेच्या. कारागिराने मला तापवून वाकवलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघून हसल्या असतील. दुकानातही मी धूळ खात पडून होते. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटीसुलटी करायचं आणि ही मोडकी आहे का म्हणून विचारायचं. एक दिवस एक बाई आली. तिने मला कानाशी धरलं, दोनदा हळूच उघडमीट केली आणि माझा खिळा कसा बोलतो ते ऐकलं. काही न विचारता तिने मला घेतलं. तीच माझी ताई. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले.

भावाला रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यतींचं वेड होतं. तिशी उलटली, कानशिलावर पांढरे केस आले, तरी ताईसाठी तो छोट्याच. गाडी पळवायचा तो, आणि गाडीला अंगरखा घालायची ताई. या गाड्यांची बॉडी पातळ, पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकची असते. डब्यातून निघते तेव्हा तिच्याभोवती नको असलेलं प्लॅस्टिक लोंबत असतं, बाळाच्या अंगावर थोरल्याचा सदरा असावा तसं. रंग तिला आतून मारतात. मग जादाचं कापून काढायचं, आणि चाकांवरच्या कमानी अशा गोल काढायच्या की चाक वळलं तरी घासू नये.

सरळ कडा ताई कटरने रेघ ओढून मोडायची. कमानी मात्र माझ्या. त्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कात्री पुरती मिटायची नाही. टोकाला टोक लागलं की त्या जागी बारीक खाच पडते. डोळ्याला दिसत नाही, पण गाडी कुठे धडकली की प्लॅस्टिक तिथूनच फाटत जातं. म्हणून ताई मला अर्धी मिटायची, पुढे सरकवायची, पुन्हा अर्धी मिटायची. हात भरकटू नये म्हणून ओठांतल्या ओठांत ती ओवी म्हणायची. ती तिने स्वतःच रचलेली होती. कमान पुरी झाली की पॉलिश पेपरची पट्टी घेऊन कड घासायची, आणि अंगठा फिरवून बघायची. अंगठा कुठे अडखळला की पुन्हा घासायची.

ताईने कापलेली बॉडी फाटत नाही, असं नाव झालं. लांबलांबून माणसं बॉड्या घेऊन यायची, दारात चपला मावायच्या नाहीत. मला मऊ कापडाची पिशवी होती. आठवड्यातून एकदा खिळ्यावर तेलाचा थेंब पडायचा. दोरा, कागद, पाकीट यांतलं काही मला शिवायचं नाही असा घरात दंडक होता. एकदा ताईच्या यजमानांनी मिशी कातरायला मला उचललं. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि अर्धवट मिशी घेऊन ते कामावर जाऊन आले. त्या दिवसांत मला वाटायचं, जगात माझ्यासारखी भाग्यवान मीच.

मग त्या वर्षीची शेवटची शर्यत आली. सकाळी सराव झाला तेव्हा पुढचं डावं चाक कमानीला घासू लागलं. ताई म्हणाली, थांब, आल्यावर केसभर वाढवून देते, आणि ती सगळ्यांसाठी चहा आणायला गेली. टेबलापाशी छोट्या एकटा राहिला. त्याने घड्याळ बघितलं. ट्रॅककडे बघितलं. मग माझ्या पिशवीची नाडी सोडली.

खच. खच. खच.

तीनदा त्याने मला पुरती मिटवली. तिसऱ्या वेळी कमानीच्या मधोमध पापणीच्या केसाएवढी खाच पडली, आणि ती माझ्या टोकांना टोचली. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्याचं नखही त्या खाचेवरून फिरलं. क्षणभर थांबलं. पॉलिश पेपर हाताशीच होता. त्याने तो घेतला नाही. मला पुसून, नाडी ओढून जागेवर ठेवलं. ताई आल्यावर तो म्हणाला, आता घासत नाही, चाक आपोआप बसलं.

शर्यतीत तो पहिला धावत होता. शेवटून तिसऱ्या फेरीला वळणावरच्या फळीला गाडी जेमतेम शिवली. तेवढं पुरलं. खाचेपासून निघालेली चीर टपापर्यंत गेली, सुटलेला तुकडा चाकात अडकला आणि गाडी कोलांट्या खात कडेला पडली. भोंग्यावरून बोलणाऱ्या गृहस्थांना चिमटे काढायची खोड होती. ते म्हणाले, "आज ताईंच्या कात्रीनं आपल्याच माणसाचा पाय कापला, मंडळी." लोक हसले. टेबलाभोवती कोंडाळं जमलं. कुणी म्हणालं, ताईंचे डोळे आता जात चालले. कुणी म्हणालं, डोळे कसले, कात्रीच म्हातारी झाली. छोट्या ताईच्या शेजारी उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने मान हलवली.

"कात्रीच गेली असेल," तो म्हणाला.

मी पिशवीत होते. मला तोंड असतं तर मी त्या भोंग्याहून मोठ्याने ओरडले असते. पण माझी खरी आशा ताईवर होती. तिने फाटकी बॉडी उचलली, नेहमीसारखा कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मधोमध अडखळला. मला वाटलं, आता बोलेल. तिने बॉडी खाली ठेवली आणि चहाचे रिकामे पेले गोळा करू लागली.

त्या दिवसापासून ताईने कमान कापली नाही. कुणी बॉडी घेऊन आलं तर दारातूनच सांगायची, कात्री कामातून गेली हो, आता जमत नाही. माझ्या आणि तिच्या हातांच्या नावावर एकदमच पाणी पडलं. मला तिने खणात टाकलं. तिथे संपलेले सेल होते, चिकट झालेले रबर होते, आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. पिशवी कुठे गेली कुणास ठाऊक. यजमान मला घेऊन बिनधास्त पुड्या फोडू लागले, आणि आता त्यांच्याशी अबोला धरणारं कुणी नव्हतं. खिळ्याला गंज चढला. दोन वर्षं गेली.

मित्रांनो, अवजाराला तेल नाही मिळालं तरी ते सोसतं. गंज सोसतं. पण तुमच्या हातून चूक झाली तर ती आमच्या माथी मारू नका. आम्ही कधी तुमचं नाव सांगायचो नाही, एवढ्यावर जाऊ नका. तुमच्या मुठीत राहून राहून आम्हाला तुमच्या बोटांची सवय झालेली असते, म्हणून ते जास्त लागतं.

परवा दुपारी छोट्या आला. दोन वर्षांत तो आला की पाणी पिऊन, उभ्याउभ्याच जायचा. या वेळी बसला. हातात एक बॉडी होती, नव्या कात्रीने त्यानेच कापलेली. एकदाही न पळवता तिची कमान चिरली होती. तो ताईला म्हणाला, एवढी एक दुसरी कापून दे. ताई म्हणाली, माझी कात्री बिघडली आहे ना, तूच तर म्हणाला होतास. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो खाली बघू लागला. मग उठला, खण ओढला, सेल आणि रबर बाजूला करून मला काढलं. गंज त्याच्या बोटांना लागला. त्याने मला ताईपुढे ठेवलं.

"ही बिघडली नव्हती, ताई. कमान मी वाढवली होती. तू चहाला गेलीस तेव्हा. खाच पडलेली मला कळलीसुद्धा."

ताईने मला उचललं. गंजलेला खिळा करकरला. तिने अर्धी मिटली, आणि तिथेच थांबवली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, छोट्या. कडेवर अंगठा ठेवला तेव्हाच. लोक हसले त्याचं काही नाही रे. तू शेजारी उभा राहून मान हलवलीस. वाटलं, आज नाही तर उद्या येऊन सांगशील. नाही आलास. मग मीही दारात येईल त्याला कात्रीचंच सांगत बसले, कारण खरं सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं." ती माझ्या पात्यावरचा गंज पदराने पुसत राहिली. "हिला तोंड नाही ना. म्हणून आपण दोघांनी हिच्यावर ढकललं."